पाहुणे येऊन राहिले

"पाहुणे येऊन राहिले ना मॅडम!" पाहुण्यांना स्टेशनवर आणायला गेलेला लखन फोनवर ओरडला आणि इंग्रिडच्या जिवात जीव आला. पाहुणे आले. आले आणि राहिले. रात्रभराच्या प्रवासानं शिणलेली माणसं, टेकली असतील गोंदियातच कुठं तरी. तरी खात्री करावी म्हणून तिनं विचारलं, "आणि त्यांचे भोजन?"

"खाऊन राहिले ना! समोसे!"

एवढ्यावर फोन कटला. बस जंगलाच्या रस्त्याला लागली होती, पण हे त्या बिचारीला कोण सांगणार?

इंग्रिड नॉर्वेची. नवरा भातगिरणीची यंत्रं बसवायला गोंदियात आला, म्हणून बिऱ्हाड तिथल्याच फुलचूरला. त्याआधी पुण्यात दोन वर्षं काढलेली, तिथं रणपिसेबाईंकडे ती मराठी घोटून घोटून शिकली होती. आणि इथं काय? जो तो हिंदीत उत्तर देणार! "आपण कृपया मराठीत बोलावे," असं तिनं भाजीवाल्याला बजावलं, तर तो म्हणाला, "अरे मॅडम, मराठी में ही तो बोल रहा हूँ!" नावाची तर पार वाट. इंग्रिडचं 'इंग्रजबाई' झालं होतं. "मी इंग्रज नाही हो!" असं सांगून तिचा घसा बसला.

पण सगळ्यात जास्त राग होता तो त्या लाल खुर्चीचा. चर्चमध्ये झाडू घ्या, पाणी भरा, सतरंजी उचला, कुठंही हात लावला की कोणी तरी ती प्लास्टिकची खुर्ची घेऊन धावत येई. "तुम्ही बसा जी, मॅडम." नऊ महिने नुसतं बसायचं! नवेगाव बांधच्या तलावाकाठी आंतरराष्ट्रीय ख्रिस्ती परिषद ठरली, तेव्हा ती पास्टर शालीकरामांशी चक्क भांडली. "मी शोभेची बाहुली नाही!" शेवटी पास्टरांनी हात टेकले आणि पाहुण्यांची सगळी व्यवस्था तिच्याकडे दिली. हे नीट पार पडलं तर ठीक, नाही तर पुन्हा खुर्ची, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

म्हणून फोन कटताच ती तडक मंडपामागच्या चुलींकडे गेली. तिथं मंजूचं राज्य होतं. भाताचे दोन गंज उतरले होते आणि बांधाच्या मासोळ्यांचा रस्सा रटरटत होता.

"मंजूताई, पाहुणे गोंदियातच राहिले. दुपारचे भोजन नको."

"राहिले? असे कसे राहिले जी?"

"लखन यांनी स्वतः सांगितले. ते समोसे खाऊन राहिले."

मंजूनं कपाळावर हात मारून घेतला. उन्हाचे दिवस, संध्याकाळपर्यंत भात आंबणार. इंग्रिडनं झटपट निर्णय घेतला आणि सगळं जेवण शेजारच्या ढीवर कोळ्यांच्या मोहल्ल्यात वाटून टाकलं. स्वागताला नाचणारी मंडळी पायांत चाळ बांधून बसली होती, त्यांना घरी पाठवलं. खोल्या रिकाम्या कशाला ठेवायच्या? अर्जुनीहून आलेल्या गायक मंडळींना दिल्या. ती मंडळी अंघोळी उरकून घोरायलाही लागली. किती सुरळीत चाललं होतं सगळं! इंग्रिडला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

आणि फाटकाशी हॉर्न वाजला.

बसमधून सगळ्यांत आधी उतरल्या रणपिसेबाई, परिषदेच्या दुभाषी. त्यांच्यामागून कोरियाचे, केनियाचे, ब्राझीलचे, नाना देशांचे लोक उतरले आणि सगळ्यांची नाकं रश्श्याच्या वासाच्या दिशेनं वळली. वासच तेवढा उरला होता.

"लखन!" इंग्रिड कडाडली. "आपण खोटे बोललात! आपण म्हणालात, येऊन राहिले!"

"मंग?" लखनही तापला. "येऊनच तर राहिलो होतो!"

"बाई, तुम्हीच सांगा! येऊन राहिले म्हणजे काय?"

"आले आणि मुक्कामाला राहिले," रणपिसेबाईंनी निकाल दिला. "इंग्रिडचं बरोबर आहे. हे लोक बोलतात ते अशुद्ध."

झालं! मंजू पळी घेऊनच पुढं आली. "अशुद्ध? काऊन जी? आमच्या आज्यापंज्यांपासून सारे असेच बोलून राहिले. पाहुणे उपाशी, अन् तुम्ही शुद्ध-अशुद्ध करून राहिल्या!"

इंग्रिडच्या डोक्यात आत्ता कुठं उजेड पडला. बोलून राहिले. करून राहिल्या. म्हणजे लखन खरंच येत होता! दोन वर्षं घोटलेल्या मराठीत हे एक वाक्य नसावं? ती बाईंवर भडकली, स्वतःवर भडकली आणि कोणी खुर्ची आणायच्या आत पदर खोचून चुलीपाशी गेली.

"उभी काऊन राहिलीस? लाकडं सार!" मंजू खेकसली.

'मॅडम' नाही, 'जी' नाही. इंग्रिडनं मुकाट लाकडं सारली. तांदळाच्या जिल्ह्यात तांदूळ कमी पडणार नव्हता. गंज चढले. धुरानं डोळे चुरचुरत होते, घामानं साडी अंगाला चिकटली होती. लाल खुर्ची रणपिसेबाईंना मिळाली होती. त्या दर मिनिटाला तिथून विचारत, "अगं, भाताचं काय?"

पाचव्यांदा विचारल्यावर इंग्रिडचा तोल गेला. "शिजून राहिला ना, बाई! ओरडून कायले राहिल्या?"

बाईंचा चेहरा खुलला. त्यांनी माईक घेतला आणि सगळ्यांना इंग्रजीत आनंदाची बातमी दिली. बघता बघता पाहुण्यांनी मांड्या घातल्या, पत्रावळी मांडल्या, प्रार्थनाही म्हणून झाली. आमेन म्हणून सगळ्यांनी डोळे उघडले. पत्रावळीवर मीठसुद्धा नव्हतं.

रणपिसेबाई तणतणत चुलीपाशी आल्या. झाकण उचललं तर आत तांदूळ टणक.

"इंग्रिड! तूच म्हणालीस ना, शिजून राहिला?"

इंग्रिडनं कमरेवर हात ठेवले.

"मंग? शिजूनच तर राहिला!"