सोळा नंबरची हाक

मुलीची मुलाखत पार पडेपर्यंत तोंडातून शब्द काढणार नाही, असा नेम आईने एकदा केला होता. देवाकडे काही मागायचं तर आपणही काही सोडावं, एवढीच तिची श्रद्धा. (बाबांनी या नेमाला इतक्या उत्साहाने पाठिंबा दिला, की तिला क्षणभर त्यांचाच संशय आला.)

ग्राहकांच्या तांत्रिक अडचणी सोडवण्याच्या नोकरीची मुलाखत अकराला, व्हिडिओवर. आणि दहाला लॅपटॉपचा टचपॅड मेला! बाण पडद्याच्या मधोमध गोठला. हा जुना लॅपटॉप बाबांनी हौसेने लिनक्स ही फुकटची प्रणाली घालून ‘पुन्हा तरुण’ केलेला.

“बाबा, तासच उरलाय!”

“बाप बसलाय ना!” बाबांनी कीबोर्डवरूनच पडद्यावर आज्ञा टाइप करायची काळी खिडकी उघडून वाचलं. “सोळा नंबरच्या लाइनवर कोणीतरी सारख्या हाका मारतंय. दखल कोणीच घेतली नाही, म्हणून लाइनच बंद झाली.”

“म्हणजे?”

“टचपॅड आणि कार्ड रीडर एकाच लाइनवरून प्रोसेसरला हाक मारतात. एक उगाच बोंबलत सुटला, की दुसऱ्याचंही तोंड बंद.”

कार्ड रीडर म्हणताच आई ताडकन उठली. धूळ जाऊ नये म्हणून बाबांनी कालच कार्डाच्या फटीत पुठ्ठ्याची घडी कोंबली होती आणि “याला म्हणतात डोकं!” म्हणून तिला दाखवलीही होती. तिने फटीकडे बोट केलं.

“हो, हो, आयडिया माझीच,” बाबा खूश. “आता शोधू दे जरा.”

तिने ‘बाहेर काढा’ अशी खूण केली.

“जा ना, जाऊन ये बाहेर. इथे मी आहे.”

अकराला दहा कमी. आईने भुवया कोरायचा चिमटा आणला, बाबांचा हात बाजूला सारला आणि पुठ्ठा उपटला. कार्ड घातलंय अशा समजुतीने ओरडणारा रीडर गप्प झाला. लॅपटॉप बंद करून पुन्हा लावला आणि बाण तुरुतुरु पळाला.

तासाभराने लेक धावत बाहेर आली.

“घेतलं मला! नुकतीच पाहिलेली अवघड दुरुस्ती विचारली, मी आईची सांगितली.”

आईचे डोळे भरले, पण मान मात्र चांगली ताठ झाली.

तिकडे बाबा फोनवर मेहुण्याला सांगत होते, “सोळा नंबर! मी घरी नसतो ना, तर...”

आईने देवाला हात जोडले आणि दिवसातलं पहिलं वाक्य अगदी मायेने उच्चारलं, “अहो, या नेमात फार बळ आहे हो. आता झोपेपर्यंत तुम्ही धरा.”