काम चालू, दिवा बंद

विद्यापीठाच्या स्वच्छ ऊर्जा विभागात सोमवारी सकाळी एक दुर्दैवी घटना घडली. मिठाची बॅटरी चालू झाली.

ही बॅटरी कित्येक वर्षं चालू होत नव्हती आणि त्या बळावर विभागाचं उत्तम चाललं होतं. दिवसाच्या उन्हाची वीज स्वस्त मिठात साठवायची आणि अंधार पडल्यावर वापरायची, असा तो प्रकल्प. तो चालवणाऱ्या संशोधिकेला सगळे बॅटरीबाई म्हणत. त्या दिवशी बाईंनी नेहमीसारख्या तारा जोडल्या, टेबलावरचा दिवा लागला आणि दुपारचं जेवण झालं तरी विझेना. बाईंना रडूच कोसळलं.

त्याला कारण होतं. घरी त्यांच्या वडिलांच्या उशाशी श्वासाचं यंत्र असे. वीज गेली की यंत्र थांबे. मग इमारतीचा डिझेल जनरेटर धडधडू लागे, यंत्र सुरू होई आणि त्याच जनरेटरच्या धुराने वडील खोकून खोकून बेजार होत. बाईंनी हा सगळा खटाटोप आरंभला होता तो त्या उशाशी ही बॅटरी ठेवता यावी म्हणून.

त्या धावतच विभागप्रमुखांकडे गेल्या. "सर, चालू झाली!"

विभागप्रमुखांनी आधी दार लावून घेतलं. "हळू बोला. कोणी पाहिलं?"

"आपल्या प्रयोगशाळेतल्यांनीच. सर, आनंदाची बातमी आहे ना?"

"बाई, गुरुवारी अनुदान पुढे चालू ठेवणारी सातत्य समिती येतेय. अनुदान कोणाला मिळतं? चालू प्रकल्पाला. बॅटरी चालू झाली की प्रकल्प पूर्ण. पूर्ण झाला की बंद. मग प्रयोगशाळेला कुलूप आणि तुमची बॅटरी भांडारात, मोडक्या खुर्च्यांशेजारी."

"म्हणजे प्रकल्प चालू ठेवायचा तर..."

"बॅटरी बंद ठेवायची. हुशार आहात, लगेच समजलं."

"मग मी ती घरी नेते, सर. बाबांना उपयोग होईल."

"विद्यापीठाची मालमत्ता? घरी? आणि दुसरी बनवायचा विचार असेल तर तोही सोडा. कल्पनाही विद्यापीठाचीच आहे."

गुरुवारी समिती आली. प्रत्येक सदस्य स्वतंत्र गाडीतून आला आणि परत निघताना गाडी गार मिळावी म्हणून सगळ्या गाड्यांची इंजिनं आवारात सुरूच ठेवण्यात आली. बाईंनी प्रयोगशाळेतच पडद्यावर आलेख दाखवत बॅटरी का चालत नाही हे गंभीर चेहऱ्याने समजावून सांगितलं. खोटं बोलण्याची सवय नसल्याने त्या दर आलेखाला अडखळत होत्या. अध्यक्ष मात्र खूष झाले. "वा! मागच्या वर्षीपेक्षा अपयशात बरीच प्रगती आहे."

एवढ्यात वीज गेली.

वीज गेली की बाईंना डोळ्यांसमोर फक्त वडिलांची उशी दिसे. काही कळायच्या आत त्यांचा हात बॅटरीच्या बटणावर गेला. दिवा लागला, पंखा फिरू लागला, आणि समितीच्या सगळ्या माना बॅटरीकडे वळल्या.

"हे काय?" अध्यक्षांनी विचारलं.

विभागप्रमुख लगबगीने बॅटरीच्या आड उभे राहिले. "साहेब, एकदोनदाच झालंय. पुन्हा होणार नाही."

अध्यक्षांनी पंख्याकडे तोंड करून थोडा वारा खाल्ला. मग ते वडीलधाऱ्या मायेने म्हणाले, "चूक कोणाकडून होत नाही? पण बाई, यश ही फार जपून करायची गोष्ट आहे. आज बॅटरी चालली, उद्या दुसऱ्या विभागातही काहीतरी चालेल. मग आम्ही सातत्य द्यायचं कशाला?"

तिथल्या तिथे ठराव झाले. बॅटरीला सील ठोकण्यात यावं. ती बंदच आहे ना, हे पाहण्यासाठी एक बंद-निरीक्षक नेमावा आणि त्याला वातानुकूलित खोली द्यावी. बॅटरी चालवण्याचा मोह पुन्हा कोणाला होऊ नये म्हणून विभागाला मोठा डिझेल जनरेटर घेऊन द्यावा. खर्च स्वच्छ ऊर्जेच्या अनुदानातून भागवावा. शिवाय कारभार पारदर्शक असावा म्हणून विद्यापीठाच्या फाटकावर नोटीस लावून नागरिकांच्या हरकती मागवाव्यात.

"साहेब," बाई कशाबशा म्हणाल्या, "माझ्या वडिलांना या बॅटरीची फार गरज आहे हो. त्यांच्या श्वासाचा प्रश्न आहे."

"श्वास चालू आहे ना?"

"आहे."

"मग त्यांचंही सातत्य उत्तम आहे. करा सही."

बाईंनी सही केली. नाही केली तर बॅटरी भांडारात, केली तर सीलमध्ये; निदान सील कधीतरी फोडता येतं, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. ती त्यांना स्वतःलाच पटली नाही.

घरी पोहोचेपर्यंत तिथलीही वीज गेली होती. खाली जनरेटर धडधडत होता आणि खिडक्या लावूनही धूर आत येतच होता. वडील उशीला टेकून बसले होते. त्यांनी बाईंचा हात हातात घेतला. खोकल्याची ढास ओसरल्यावर त्यांनी विचारलं, "काय गं, तुझ्या त्या बॅटरीचं कुठवर आलं?"

बाईंनी मान वळवली. "काम चालू आहे, बाबा."

"हां," वडील समाधानाने म्हणाले. "चालू आहे ना? मग होईल."

हे वाचून तुम्हाला संताप आला असेल. येणारच, तुम्ही सुजाण आहात. फाटकावरच्या नोटिशीत शेवटची ओळ अशी होती : 'बॅटरी बंद ठेवण्यास कोणाची हरकत असल्यास मुदतीत कळवावी, न कळवल्यास संमती आहे असे समजण्यात येईल.' नोटीस महिनाभर होती. तुम्ही रोज तिथूनच जाता. मुदत काल संपली, आणि समितीने तुमचे मनःपूर्वक आभार मानले आहेत.