नंबरातला डबा

सकाळी साडेनऊच्या सुमारास मच्छिंद्र आंघोळ उरकून, म्हणजे अर्ध्या तांब्यात पंचा भिजवून अंग पुसून, घरात आला आणि फळीकडे बघून जागच्या जागी थिजला. रात्री स्वतःच्या हाताने ठेवलेला अॅल्युमिनियमचा गोल डबा फळीवर नव्हता.

त्याने उतरंड धुंडाळली, ट्रंक उघडली, गोधड्या झटकल्या. कोपऱ्यातल्या रांजणावर हात टेकून वाकून पलंगाखाली पाहिलं. रांजण दोन दिवसांपासून रिकामा होता. हात लागताच तो तेवढा टणकन वाजला. डबा काही सापडला नाही.

डबा भाकरीएवढा, पण त्यात भाकरी नव्हती. दुहेरी प्लास्टिकच्या बंद पिशवीत रुपयाएवढी सिलिकॉनची एक चकती होती. मुंबईच्या ज्या संस्थेत मच्छिंद्र कामाला होता, तिथे त्याने दीड वर्ष खपून अशा सदतीस चकत्या केल्या होत्या आणि त्यातल्या छत्तीस बिघडल्या होत्या. ही सदतिसावी. तिच्यातून एखादा सूक्ष्म कण आरपार गेला की तिने ताबडतोब तसं सांगायचं होतं. ताबडतोब म्हणजे आपल्या तालुका कचेरीतलं ताबडतोब नव्हे. एका सेकंदाचे शंभर कोटी तुकडे केले, तर त्यातल्या दोन-चार तुकड्यांत तिचं सांगून व्हायला हवं होतं. हे तपासून बघणारं यंत्र हैदराबादेत होतं आणि ते फक्त उद्याचा दिवस मिळणार होतं. उद्या चकती पोचली नाही, तर काम बंद करून मच्छिंद्रला दुसऱ्या विभागात धाडायचं, असं वरून ठरलेलं होतं. त्याच्या विभागाच्या प्रमुख, डॉक्टर सरोजिनीबाई, यंत्र गाठायला आधीच हैदराबादला पोचल्या होत्या. वाटेतच नळदुर्ग लागतं, नळदुर्गपासून चार मैलांवर आपलं गाव आहे, तेव्हा एक रात्र मायबापांजवळ राहून गावावरून जाणाऱ्या दुपारच्या एस.टी.ने पुढे जावं, एवढाच काय तो मोह त्याला झाला होता.

बरं, घरच्यांना सांगितलं नव्हतं असंही नाही. डब्याच्या झाकणावर सरोजिनीबाईंच्या अक्षरात चिठ्ठी होती: "ऊन नको, धूळ नको, ओल नको, हात नको." ती त्याने रात्री मायला, भिमाबाईला, दोनदा वाचून दाखवली होती. माय म्हणाली होती, "आमच्या लग्नात तुझ्या बानं बी इतक्या अटी घातल्या नव्हत्या."

मच्छिंद्र बनियनवरच बाहेर धावला. शेजारची पुतळाबाई दारात ज्वारी निवडत होती.

"मावशी, माझा डबा बघितलात का? पांढरा, गोल?"

"बघितला की. भिमाबाईनं न्हेला नंबराला."

"कशाला?"

"नंबराला रं! तुमचा फुटका माठ काल म्हशीनं तुडवला. मंग आज नंबराला काय ठिवायचं? तिनं डबा घेतला, झपाझपा गेली, ठिवला, आन् तशीच खडी फोडाया रोजगार हमीवर गेली."

सालच तसं होतं. दोन वर्षं पाऊस रुसलेला, विहिरी आटलेल्या, आणि दूध संस्थेत दुधापेक्षा माश्या जास्त जमायच्या. त्या संस्थेच्या सिमेंटच्या हौदात दर तिसऱ्या दिवशी टँकर रिकामा व्हायचा. माणसं उन्हात कुठवर उभी राहणार? म्हणून आपल्या जागी आपली वस्तू ठेवायची आणि कामाला जायचं. तोच नंबर.

हौदापाशी रांग लागली होती. बिनबत्तीचा स्टोव्ह, सायकलचा टायर, एक एकटी चप्पल, चुन्याने नाव लिहिलेले दगड, आणि या सगळ्यांत नवव्या जागी, मे महिन्याच्या उन्हात, वावटळीच्या ऐन वाटेवर, देशातल्या सगळ्यात वेगवान चकतीचा डबा ऐटीत बसला होता. चिठ्ठी उडून गेली होती.

मच्छिंद्र झेपावला आणि डब्याला हात घालणार तोच मागून आवाज आला.

"हात लावू नगंस."

संस्थेच्या ओट्यावर त्याचा बाप, पिराजी, काठी आडवी धरून बसला होता.

"बा, तो माझ्या कामाचा डबा आहे! मायनं चुकून आणला."

"आसंल. पर नंबरात बसलाय. आता घागर आणायची तवाच निघंल."

"मी त्याच्या जागी चप्पल ठेवतो की!"

"आदलाबदल न्हाय." पिराजीने काठी ओट्यावर आपटली. "गेल्या साली काय झालतं ठावं हाय न्हवं? आपल्या आळीतल्यांनी पहाटे दगडं ठिवायची, आन् टँकर येस्तवर त्येच्या जागी दुसऱ्यांचं हंडं उगवायचं. इचारलं तर म्हनायचं, आदलाबदल झाली. आपली दगडं समद्यांत मागं. म्या तालुक्याला सात चकरा मारल्या, तवा गावाची एक रांग झाली. वस्तू कुनाचीबी आसू दे, उचलायची न्हाय. आता पयल्यांदा कुनी उचलावी? पिराजीच्या पोरानं?"

मच्छिंद्रने हात मागे घेतला. त्या सात चकरांतल्या दोन चकरांचे अर्ज त्यानेच लिहून दिले होते.

तेवढ्यात संस्थेचे सचिव तात्या कुलकर्णी बाहेर आले. हौदाची किल्ली त्यांच्या जानव्याला असायची आणि त्यांचा स्वतःचा नंबर, एक गळकं दुधाचं माप, बाराव्या जागी होता. "पिराजीचं बरोबर आहे," ते म्हणाले. "गेल्या महिन्यात मी नुसतं माप पुसायला उचललं, तर मला शेवटी पाठवलं यानं. मी सचिव असून!"

"पण तात्या, आत लई नाजूक वस्तू आहे."

"मग उघडून बघ. उघडायला बंदी नाही."

हीच तर गोम होती. धूळ नको, हात नको! पिशवी बंद असली तरी या वावटळीत झाकण उघडणं म्हणजे चकतीला स्वतः माती देण्यासारखं होतं. मच्छिंद्रने तात्यांची छत्री मागून आणली आणि डब्यावर धरून उकिडवा बसला. टँकर अकराला यायचा, एस.टी. तीनला. अजून जमण्यासारखं होतं.

अकरा वाजले. बारा वाजले. मुंबईचा शास्त्रज्ञ डब्यावर छत्री धरून बसलाय ही बातमी पसरली आणि ज्यांचा नंबर नव्हता तेही बघायला आले.

"हाय काय आत?" पुतळाबाईने विचारलं.

"वाळूपासून करतात ती चकती आहे, मावशी."

"वाळू मुंबईहून आणलीस? आपला वढा भरलाय की नुसत्या वाळूनं!"

मच्छिंद्रने मग नीट समजावून सांगितलं. दोन कण एकापाठोपाठ आले, तर आधी कुठला आणि मागून कुठला हे ही चकती सांगते. मधे सेकंदाचा कितीही बारीक तुकडा असो.

पुतळाबाईचे डोळे चमकले. "मंग हिला इचार, गेल्या पाळीला आधी माझा स्टोव्ह आला का तात्याचं माप?"

"माप!" तात्या म्हणाले.

"स्टोव्ह! चकतीला सांगू द्या."

"मावशी, ती स्टोव्हचं सांगत नाही."

"मंग काय उपेग?" पुतळाबाई म्हणाली, आणि जमलेल्या सगळ्यांनाच ते पटल्यासारखं दिसलं.

याच चर्चेत पुतळाबाईची शेळी कुणाच्या लक्षात न येता रांगेत शिरली. तिने छत्रीची कड चावून पाहिली, ती रुचली नाही, आणि त्या रागात डब्याला अशी ढुशी दिली की तो कलंडत, गडगडत थेट सहाव्या जागी जाऊन बसला. जाताना आतून आवाज आला, खडखडखड.

बंद पिशवीतली धड चकती खडखडत नसते. खडखडतात ते तुकडे.

"तीन नंबर फुडं गेला की ह्येचा!" पुतळाबाई ओरडली.

"तुमच्याच शेळीनं नेला!"

"शेळी माझी, नंबर तुमचा. मागं घ्या!"

मच्छिंद्र उचलायला धावला. "हात न्हाय!" पिराजी गरजला. त्याने क्षणभर विचार केला. न्याय अवघड होता. जागा चुकलेली, पण उचलायची बंदी. शेवटी तो ओट्यावरून उतरला. "उचलायचा न्हाय. सरकवायचा." आणि काठीच्या टोकाने, खड्यागोट्यांवरून, ठेचकाळत ठेचकाळत त्याने डबा मागे ढकलायला घेतला. प्रत्येक ढकलीला आत खडखड. मच्छिंद्रने डोळे मिटून घेतले. दीड वर्षाची मेहनत बापाच्या काठीखाली तीन नंबर मागे चालली होती, आणि बाप म्हणत होता, "घाबरू नगंस, हळूच ढकलतोय."

टँकर पावणेतीनला आला. तोटी सुटली, रांग हलली, मच्छिंद्रने दोन घागरी आणल्या आणि नवव्या जागी घागर टेकवून अखेर कायदेशीरपणे डबा काखेत मारला. कुणीतरी टाळी वाजवली. पिराजीने मात्र पोराच्या पाठीवरून एकदाच हात फिरवला, तो त्याने आयुष्यात दुसऱ्यांदा फिरवला असेल.

घरी आल्यावर डबा उघडायचं मच्छिंद्रच्याने होईना. माणूस वाईट बातमीचं पाकीट उघडायच्या आधी उगाच दुसरी कामं काढतो, तसं त्याने आधी डब्यावरची नजर न काढता दोन्ही भरल्या घागरी रांजणात ओतल्या. झाकण नीट बसवलं, हात धुतले, दार लोटून घेतलं. मग श्वास रोखून डबा उघडला.

आत तीन खडे होते. रस्त्याच्या खडीतले, काळे, बोराएवढे.

तो त्या खड्यांकडे बघत असतानाच दार ढकलून भिमाबाई आत आली. डोक्याचा पदर सोडत म्हणाली, "मिळालं का रं पानी?"

"माय, यात खडे आहेत!"

"मंग? रिकामा डबा वाऱ्यानं उडाला आसता की. वजन नगं व्हय?"

"आणि चकती?"

भिमाबाईने त्याच्याकडे असं बघितलं, जणू त्याला शाळेत घालायचं राहूनच गेलं होतं. "ऊन नगं म्हनलास, धूळ नगं, वल नगं, हात नगं. आन् ती म्या नंबरात ठिवीन? येडी हाय का म्या? डबा तेवढा न्हेला. तुझी पिशवी खताच्या पोत्यातल्या पलाष्टिकात घातली, सुतळीनं आवळली, आन् घरातल्या समद्यात कोरड्या जागी ठिवली."

"कुठं?"

"रांजनात. दोन रोज झालं, त्येच्यासारखी कोरडी जागा..."

मच्छिंद्रने ज्या नजरेने रांजणाकडे पाहिलं, त्यावरून तिला पुढचं कळलं. दोघांनी मिळून झाकण काढलं. दोन घागरी पाण्यावर निळसर प्लास्टिकचं एक गाठोडं शांतपणे तरंगत होतं.

"ऊन, धूळ, हात, समद्यापास्नं म्या संबाळलं," भिमाबाई म्हणाली. "पानी तेवढं तू घातलंस."

सुतळी सोडली. खताचं प्लास्टिक बाहेरून ओलं, आतून कोरडं ठाक. मुंबईची पिशवी तशीच बंद, आणि तिच्यात चकती अखंड, आरशासारखी चकचकीत. मच्छिंद्र मटकन खाली बसला. त्याला हसू फुटलं, मग डोळ्यांत पाणी आलं आणि पुन्हा हसू फुटलं. एस.टी. पंचवीस मिनिटं उशिरा आहे असं कोणीतरी बाहेरून ओरडत होतं. महामंडळाचे उपकार मानत तो उठला.

"माय, डबा दे. निघतो."

भिमाबाई दारात उभी होती, हात रिकामे. तो पिशवी पुसत होता तेवढ्या वेळात ती संस्थेपर्यंत जाऊन आली होती.

"डबा? परवाच्या टँकराला ठिवला की. पयला नंबर लागलाय आपला!"

मच्छिंद्र धावत संस्थेपाशी गेला. रिकाम्या मैदानात एकटा डबा चकाकत होता, आणि ओट्यावर पिराजी होता.

"नंबरात हाय," पिराजी एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी हैदराबादच्या थंडगार प्रयोगशाळेत सरोजिनीबाईंसमोर मच्छिंद्रने भाकरीचा पितळी डबा उघडला. गोधडीतल्या कापसात गुंडाळलेली पिशवी बाहेर काढली. कापसाला लसणाच्या चटणीचा वास होता.

"आपला डबा कुठाय?" बाईंनी विचारलं.

"बाई, तो नंबरात आहे."

बाईंनी पुढे विचारलं नाही, कारण यंत्र सहापर्यंतच मिळणार होतं. चकती जोडली. पहिला कण गेला आणि पडद्यावर रेघ अशी ताठ उठली की बाई खुर्चीतून उठल्या. छत्तीस चकत्यांनी जे दाखवलं नव्हतं, ते सदतिसावीने पहिल्या झटक्यात दाखवलं. काम पुढे चालू राहणार होतं. संध्याकाळी चहा पिताना मच्छिंद्रने त्यांना शेळीपासून रांजणापर्यंत सगळं सांगितलं. बाई हसून हसून खोकल्या.

पंधरवड्याने मुंबईच्या पत्त्यावर पिराजीचं कार्ड आलं. "चि. मच्छिंद्र यास जय भीम. डबा बरा आहे. चार पाळ्या झाल्या, दर पाळीला पहिला नंबर. दगडापेक्षा उठून दिसतो, त्यामुळे तंटा होत नाही. तुझ्या बाईंना सांग, पाऊस पडला की डबा परत पाठवतो. त्याआधी नियम मोडता येत नाही. पुतळाबाई विचारते, तिलाही असा एक मिळेल का."

सरोजिनीबाईंनी कार्ड दोनदा वाचलं. मग कपाट उघडून एक रिकामा गोल डबा काढला, पुसला आणि मच्छिंद्रच्या टेबलावर ठेवला.

"हा पुतळाबाईंना," त्या म्हणाल्या. "खडे मात्र तिकडचेच घालायला सांग."