घडीव की कोरीव?

आत्मा शरीरात नेमका कुठे वस्ती करतो, याचा निकाल शास्त्री-पंडितांना अजून लावता आलेला नाही. अमेरिकेच्या सरकारने मात्र निदान रायफलीपुरता तो लावून टाकला आहे. सुटे भाग जमवून रायफल जोडायची असेल, तर नळी, दस्ता, दुर्बीण हे सगळं लोणच्याच्या बरणीसारखं घरपोच येतं. कायद्याच्या लेखी तो नुसता लोखंडी पसारा. पण चाप, मूठ आणि गोळ्यांची पेटी ज्यात बसते तो खालचा सांगाडा, ज्याला तिकडे ‘लोअर’ म्हणतात, तो म्हणजे साक्षात रायफल. त्याच्यावर क्रमांक कोरलेला असतो, तो परवाना असलेल्या दुकानातूनच घ्यावा लागतो आणि घेणाऱ्याची रीतसर चौकशी होते. एकट्या लोअरमधून गोळी सुटत नाही. फेकून मारला तर ससाही मरणार नाही (टेंगूळ येईल). पण आत्म्याचं असंच असतं. दिसायला तो कधीच भारदस्त नसतो.

आयडाहोतल्या एका लहान गावात, धान्याच्या कोठारावर कामाला असणाऱ्या व्हर्लिन टटलच्या मनावर हे फार खोल बिंबलं होतं. त्याच्या रायफलीची बाकी सगळी कुडी जेवणाच्या टेबलावर तयार होऊन पडली होती. आत्मा तेवढा निवडायचा राहिला होता. आत्म्याच्या बाबतीत घाई करू नये, म्हणून हा तिसरा हंगाम चालू होता, आणि टटल कुटुंब ताटल्या मांडीवर घेऊन जेवत होतं.

“टेबल कधी मोकळं होणार?” त्याची बायको नडीन विचारायची.

“अगं, एकच तर भाग राहिलाय.”

“लग्नाआधीही तू असाच निवड करत बसला असतास, तर मी आज सुखात असते.”

नडीन बोलायला तिखट, पण तिचं दुःख वेगळं होतं. त्यांच्या चर्चच्या तळघरात दर नोव्हेंबरात शिकारीचं सामुदायिक जेवण होतं. सलग दोन वर्षं व्हर्लिनने हरणाचा शब्द दिला होता आणि दोन्ही वर्षं टटलांच्या घरून डब्यातल्या माशाचं खिमट गेलं होतं. (ते संपलं नाही. कुत्र्यांना चर्चमध्ये प्रवेश नसतो.) यंदा पास्टर इंग्रिडबाईंनी प्रार्थनेनंतर सगळ्यांसमोर जाहीर केलं, “या वर्षी मोठं पातेलं टटलांचं!” सगळे हसले. सगळ्यांत मोठ्याने व्हर्लिन हसला. नडीन हसली नाही.

कपाटात व्हर्लिनच्या वडिलांची जुनी रायफल होती. पण व्हर्लिनने संकल्प सोडला होता: स्वतः जोडलेल्या रायफलीनेच हरीण मारीन, तोवर कपाटातलीला शिवणार नाही. संकल्प इतका कडक पाळला गेला, की हरणंही त्याच्या पुण्याईवर निर्धास्त हिंडू लागली.

दर शनिवारी सकाळी व्हर्लिन क्लीट हॉगेनच्या बंदुकांच्या दुकानात जाई. तिथे एक बाक, एक कॉफीची किटली आणि भिंतीवर खुंट्या. नवा माणूस आत आला की क्लीट एकच प्रश्न विचारायचा, “घडीव की कोरीव?” म्हणजे धातू ठोकून आकार दिलेला लोअर, की अखंड ठोकळ्यातून कोरून काढलेला? उत्तर काहीही द्या. दिलंत की तुमच्या नावाचा कॉफीचा मग खुंटीला लागे. घडीव पंथाचं म्हणणं, कोरीव हा नखरा आहे. कोरीव पंथाचं म्हणणं, घडीव ही आळशी माणसाची श्रद्धा आहे. रंग चढल्यावर कुठला घडीव नि कुठला कोरीव, हे दोन्ही पंथांना ओळखता येत नसे. त्यामुळे वाद कधी थांबत नसे. प्लास्टिकचा लोअर वापरणारा एक सज्जनही होता. त्याला मग दिला होता, पण कान तुटलेला.

त्या हंगामात दुकानात मतं किती मांडली गेली याची गणती नाही. लोअर विकला गेला एक. तो एका वाटसरू बाईने नेला. “त्यातला काळा द्या,” एवढंच म्हणाली.

हंगामाचा शेवटचा दिवस शनिवारच निघाला. व्हर्लिन रायफलीचा वरचा अर्धा भाग टॉवेलात गुंडाळून, बाळासारखा कुशीत घेऊन दुकान उघडायच्या आधी हजर. त्या दिवशी त्याचा निश्चय झाला होता. त्याने कोरीव लोअर मागितला. घडीव पंथाने माना फिरवल्या. क्लीटने वरचा भाग लोअरवर अलगद बसवला, खिळ्या सरकवल्या आणि व्हर्लिनने जोडलेली रायफल हातात घेऊन कानाशी हलवली.

खुट्.

“हलतंय,” व्हर्लिन म्हणाला. त्याचा चेहरा उतरला.

“थोडं हलतंच सगळ्यांचं,” क्लीट म्हणाला.

“नेमात फरक पडतो?”

“काडीचा नाही.”

“मग?”

“मग काय? तुझ्या मनाला कळतंय ना!”

हे मात्र सगळ्यांना पटलं. दोन्ही पंथांनी एकदिलाने माना डोलावल्या. व्हर्लिनने लोअर परत काचेखाली ठेवायला दिला आणि डोळे टिपले. बाकावरून कोणीतरी हळहळून म्हणालं, “गड्या, थांबलास ते बरं केलंस.” दुसरा म्हणाला, “पुढच्या वर्षी नवे येतायत म्हणे.”

तेवढ्यात दार ढकलून नडीन आत आली. डोक्यावर शिकाऱ्यांची नारिंगी टोपी, गुडघ्यांना चिखल, केसांत गवताची काडी.

“व्हर्लिन, बाहेर ये जरा. गाडीतून उतरवायला दोन माणसं लागतील. चांगलं मोठं आहे.”

सगळे खिडकीशी धावले. गाडीच्या मागच्या हौद्यात एक भलंमोठं हरीण शांत पडलं होतं. नडीनने स्वतःच्या नावचा शिकारीचा परवाना काढला होता. गेले दोन हंगामही काढला होता. तो वापरावा लागू नये, एवढीच तिची प्रार्थना होती.

“कशाने मारलंस?” क्लीटचा आवाज खाली आला.

“कपाटात होती तिने. सासऱ्यांच्या.”

क्लीटने सवयीने विचारलं, “ती घडीव की कोरीव?”

नडीनने थोडा विचार केला. “ती चालते,” ती म्हणाली.

हे उत्तर कुठल्याच पंथात बसेना. तिला मग मिळाला नाही.

चर्चच्या जेवणात टटलांचं पातेलं तळापर्यंत रिकामं झालं. पास्टर इंग्रिडबाईंनी देवाचे आणि टटल कुटुंबाचे आभार मानले. व्हर्लिनने तीन वाट्या खाल्ल्या, आणि चौथी हातात घेऊन तो भोवतालच्यांना समजावत राहिला, की लोअर हलला नसता तर हेच हरीण त्याने किती स्वच्छ मारलं असतं. नडीनने त्या संध्याकाळी टेबलावरचा सगळा पसारा उचलून कपाटात कोंबला आणि सासऱ्यांची रायफल दाराशी, हाताला येईल अशी ठेवली.

क्लीटच्या दुकानात अजून एक खुंटी मोकळी आहे. तुमच्यापाशी रायफल नाही, हरणाशी तुमचं काही वैर नाही, आणि आज सकाळपर्यंत लोअर हा शब्दही तुम्ही ऐकला नव्हता, हे सगळं खरं. पण इथवर वाचता वाचता तुमचं मन घडीवकडे झुकलं की कोरीवकडे, तेवढं सांगा.

झुकलंय ना? मग या शनिवारी. बाक सरकवून जागा करू.