बशीतलं हाड

मागच्या शुक्रवारी दुपारी आमच्या नागपूरच्या प्रयोगशाळेत सुमनताईंच्या बशीतल्या मानवी मूलपेशींनी हाड धरलं. ताई महिनाअखेरीस निवृत्त होणार आहेत. हा त्यांचा शेवटचा प्रयोग होता.

सुमनताई पेशींना 'पोट्टे' म्हणतात, म्हणजे पोरं. पेशींचा पोषणद्रव दिवसाआड बदलावा लागतो. पुतणीच्या लग्नात अक्षता पडायच्या आत त्या मांडवातून उठल्या.

"कुठं चालल्या वं?" विहीणबाईंनी विचारलं.

"पोट्ट्यायले जेवू घालाले."

सुमनताई अविवाहित आहेत, हे मांडवात सगळ्यांना माहीत होतं. आठवडाभर चौकशा सुरू होत्या.

या द्रवात ताई स्वतःचा एक रेणू घालतात. तो लहानसा आहे; त्या म्हणतात, "भिवापुरी मिरचीसारखा हाय. चिमूटभर टाका, भाजी बदलते." पेशींना हाडाकडे वळवणं हे त्याचं काम. ते झालं की नाही, हे लाल रंगाने कळतं. कॅल्शियम साचलं असेल तिथे रंग धरतो. शेजारी एक बशी बिनरेणूची ठेवायची. ती कोरी राहिली तरच निकाल खरा.

मागच्या खेपेला दोन्ही बशा लाल झाल्या. विभागप्रमुखांनी विचारताच ताईंनी कबूल केलं.

"दुसऱ्या बशीलेही थोडंसं देलं, सर."

"काहून?"

"एकाच घरात एकाले भाजी अन् दुसऱ्याले कोरडी पोळी? बरं दिसते का?"

प्रयोग बाद झाला.

या खेपेला अट त्यांनीच घातली: बिनरेणूची बशी मी सांभाळायची. "मले तिकडं फटकू देऊ नको गा, कितीही पाया पडलं तरी." त्या पडल्या. मी नाही म्हटलं. "कसाई हायेस तू," म्हणाल्या आणि डब्यातली अर्धी पोळी माझ्यापुढे सरकवली.

शुक्रवारी रंग ओतला, धुतला. त्यांची बशी लालभडक, माझी कोरी. प्रमुख उभे राहून टाळ्या वाजवू लागले. मजल्यावरचे सगळे धावत आले. ताईंनी पदर खोचला आणि बशी खिडकीच्या उजेडात धरली.

"पाहा, नीट पाहा! अन् मले म्हणून राहिले होते, सुमन, आता आराम कर!"

पेढे संपले, गर्दी पांगली. ताईंनी मोबाइल काढला. सक्करदऱ्याच्या घरचा लँडलाइन त्यांनी अजून बंद केलेला नाही. आई होत्या तोवर चांगली बातमी ताई त्यांना त्यावरच कळवायच्या. आता घरी कोणी नसतं. त्यांनी तोच नंबर लावला आणि रिंग थांबेपर्यंत फोन कानाला धरून ठेवला.

"झालं वं माय, हाड झालं," एवढं बोलून त्यांनी मोबाइल पर्समध्ये टाकला.