घोरपड्यांची दुसरी किल्ली

आमच्या वरच्या मजल्यावरचे विलास घोरपडे वरणाचा कुकर लावताना कानांवर बंदूकवाल्यांचे इअरमफ चढवतात. फोडणी करायची असली की डोळ्यांवर नेमबाजीचा चष्मा, पिवळ्या काचांचा. मागच्या वर्षी एकदा मी त्यांच्याकडे गेले तेव्हा त्याच अवतारात, हातात झारा घेऊन त्यांनी दार उघडलं होतं. माझ्या हातातली कोथिंबीर वड्यांची ताटली पडता पडता वाचली.

"वहिनी, मोहरी उडते हो," ते घाईघाईने म्हणाले. "आणि डोळे काही दुकानात मिळत नाहीत."

त्या घरात तेव्हा इअरमफचे तीन जोड होते, चष्मे दोन होते, कोपर टेकवायला कातडी तुकडे शिवलेलं जाकीट होतं. बंदूक मात्र नव्हती.

घोरपडे इथे जर्मनीत, इंगोलश्टाटच्या गाड्यांच्या कारखान्यात एअरबॅगचं काम करतात. गाडी आपटली तर काय काय होईल याचा विचार करण्याचाच त्यांना पगार मिळतो, आणि काही लोक ऑफिसातली पेनं घरी आणतात तसे ते हा विचार घरी घेऊन येतात. प्रत्येक गोष्टीला ते तीन आकडे देतात. झालं तर किती लागेल, किती वेळा होईल, आणि व्हायच्या आधी कळेल का. मग तिन्हींचा गुणाकार. आमच्या गणपतीच्या आरतीच्या तबकाचा गुणाकार एवढा आला की त्या वर्षी बाप्पाला बॅटरीच्या निरांजनाने ओवाळावं लागलं. आम्ही घर घ्यायचं ठरवलं, मी पेढे घेऊन गेले, तर पेढा हातात धरून म्हणाले, "अभिनंदन. पण फेल कसं होईल ते सांगा आधी."

आणि हा माणूस बसत नाही. "बसा ना" म्हटलं की "गेनाऊ, अगदी बरोबर, बसतोच" म्हणतो आणि बाल्कनीच्या दाराची कडी बघायला जातो. तिथून शेगडीची बटणं. माझ्या घरात, माझ्या शेगडीची! दोनदा मी चिडून बोलले आहे. दोन्ही वेळा ते "बरोबर आहे तुमचं" म्हणाले आणि जाता जाता इस्त्रीचा प्लग काढून गेले.

बंदुकीचं वेड शिरलं ते चोरीनंतर. आमच्या इमारतीच्या तळघरात प्रत्येकाला सामान ठेवायला एकेक खोली आहे, फळ्यांची. एका रविवारी चार कुलपं तुटली. आमच्या खोलीतलं पुरणयंत्र चोरांनी उचलून बघितलं असावं, कारण ते जिन्यात सापडलं. घोरपड्यांची एक जुनी सायकल गेली. बाकी सगळे आठवड्यात विसरले. घोरपडे मात्र दिवसातून तीनदा तळघरात उतरायला लागले, आणि एक दिवस जिन्यातच म्हणाले, "वहिनी, शस्त्र घ्यायचं."

कराडला त्यांच्या घरात एक तलवार आहे म्हणे, पणजोबांच्या वेळची. ती खंडेनवमीला पुसून पुन्हा गुंडाळून ठेवतात, कारण घोरपड्यांच्या गेल्या तीन पिढ्यांना रक्त बघवत नाही. तरी आडनावाचा पीळ कुठे जातो! घोरपडे तडक परवान्याच्या कार्यालयात गेले. तिथल्या बाईंनी सांगितलं की स्वसंरक्षण हे इथे कारण धरत नाहीत, आणि मग सहज विचारलं, "कोणाचं संरक्षण करायचंय?"

"घरच्यांचं."

"घरी किती जण?"

"मी."

हे त्यांनीच मला हसत हसत सांगितलं. मग उठून कडी बघून आले.

बाईंनी दुसरी वाट सांगितली. नेमबाजीच्या क्लबात जा, वर्षभर नियमाने या, परीक्षा द्या, मग खेळासाठी म्हणून अर्ज करा. झालं! दर मंगळवारी संध्याकाळी घोरपडे शेजारच्या गावात, एका खानावळीच्या तळघरातल्या क्लबात जायला लागले. तिथला प्रमुख सेप हा निवृत्त पाववाला. एकदा आम्ही दोघं बघायला गेलो होतो. दिलेल्या वेळात दहा गोळ्या झाडायच्या, त्यात घोरपड्यांच्या चारच झाल्या. दर गोळीआधी ते सगळं पहिल्यापासून तपासत होते. त्या चारही गोळ्या मात्र मधोमध, एकाच भोकातून गेल्यासारख्या. सेप कपाळाला हात लावून म्हणाला, "हा माणूस चॅम्पियन आहे, पण पुढच्या आठवड्यातला."

आता कुठली बंदूक घ्यायची? कॅटलॉगांच्या चळती आल्या. पिस्तूल बाद, कारण छोटं असतं, हात वळला की तोंडही वळतं. एकीचा घोडा फार हलका, दुसरीचा फार जड. एकीचा सेफ्टी खटका अशा जागी की हातमोजा घातला तर सापडत नाही. "अहो, पण तुम्ही हातमोजा का घालाल?" मी विचारलं. "घातला तर?" ते म्हणाले. कप्पाळ!

शेवटी सेप वैतागला. "विलास, बंदूक आहे ती, बायको नाही. घे एक!"

घोरपडे हसले नाहीत. सेपला ठाऊक नव्हतं. नऊ वर्षांपूर्वी त्यांची बायको वोल्फ्सबुर्गला नोकरी घेऊन गेली, ती गेलीच. मुलगी मुक्ता तेव्हा आठ वर्षांची होती. तीही आईबरोबर गेली. मराठी तिला कळतं, उत्तर जर्मनमध्ये येतं, आणि गेली तीन वर्षं तेही फारसं येत नाही.

चौदा महिन्यांनी निवड झाली. टू-टू रायफल, सगळ्यात बारीक गोळीची. आवाज कमी, धक्का कमी, आणि बोल्ट उघडा ठेवला की रिकामी आहे हे लांबूनही दिसतं. त्याआधी कायद्याप्रमाणे पोलादी कपाट आलं. ते तीन मजले चढवताना माझ्या नवऱ्याची, मंदारची, कंबर जी धरली ती अजून पाऊस यायच्या आधी सांगते. अर्ज गेला. कपाट रिकामं कशाला ठेवायचं, म्हणून घोरपडे त्यात पापड ठेवायला लागले. दमट होत नाहीत म्हणे.

मग आली खंडेनवमी. माझं होम ऑफिस होतं, दुपारी प्रसादाला बोलावलं म्हणून वर गेले. कपाटाला बाल्कनीतल्या झेंडूची माळ, दारावर हळदीकुंकवाची बोटं. पुढे पाटावर इअरमफ, चष्मे आणि कारखान्यातला एक पाना. आरती बॅटरीचीच. तेवढ्यात बेल वाजली. दारात त्याच परवान्याच्या बाई, हातात फाइल. कपाट बघायला आल्या होत्या, आधी न कळवता.

हळदीकुंकवाकडे बघून त्यांनी विचारलं, "रंग ओला आहे का?"

मी सांगितलं की आज आम्ही शस्त्रांची पूजा करतो.

"पण शस्त्र तर अजून नाही!"

"म्हणून त्याच्या पेटीची करतोय," घोरपडे म्हणाले.

बाईंनी क्षणभर विचार केला आणि बूट काढले. मला बाई आवडल्या. त्यांनी कपाटावरची पट्टी वाचली, भिंतीतले बोल्ट हलवून बघितले, कपाट उघडायला सांगितलं. आत वरच्या फळीवर उडदाचे पापड आणि मेतकुटाची बरणी. खाली एक लहान मुलाचं जांभळं हेल्मेट, त्यावर किड्याचं लाल स्टिकर, अर्धं सोललेलं. शेजारी गुडघ्याला बांधायच्या दोन एवढ्याएवढ्याशा गाद्या.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तळघरातून गेलेली जुनी सायकल. ती केवढी होती हे आम्ही कोणी विचारलंच नव्हतं. मला माझीच लाज वाटली.

बाईंनी फाइलवर खूण केली आणि पुढचा प्रश्न वाचला. "किल्ल्या दोन असतात. दुसरी कुठे?"

"वोल्फ्सबुर्गला. मुलीकडे."

"तिच्याकडे परवाना आहे?"

"सतरा वर्षांची आहे ती."

"मग चालणार नाही. आत शस्त्र असेल तर किल्ली दुसऱ्या कोणाकडे नको. आल्झो, तेव्हा ती परत मागवा, मला कळवा. बाकी सगळं उत्तम आहे. इतकं उत्तम मी कुठे बघितलं नाही."

घोरपडे खुर्चीत बसले. सहा वर्षांत मी त्यांना पहिल्यांदा नीट, पाठ टेकून बसलेलं बघितलं.

"मग नको," ते म्हणाले. "अर्ज मागे घेतो."

बाईंनी दोनदा विचारलं, नक्की का? दोन्ही वेळा ते हो म्हणाले. त्या गेल्या, बेसनाचा लाडू घेऊन. दार लागल्यावर मी तोंड सोडलं. "अहो, वर्षभर मंगळवार केलेत! मंदारची कंबर गेली! एक किल्ली पोस्टाने मागवायला काय जातं तुमचं?"

"वहिनी, मी तिला ती पाठवली तेव्हा कशाची आहे ते सांगितलंच नाही." ते पाटावरचा इअरमफ हातात फिरवत होते. "ती विचारते. महिन्यातून एकदा मेसेज येतो, पापा, किल्ली कशाची? मी लिहितो, येऊन बघ. एरवी ती मला काही विचारत नाही हो. परत मागवली तर हेही बंद." मग इअरमफ खाली ठेवला. "हे फेल कसं होईल ते मला पक्कं माहीत आहे."

मी पाटावरचे चष्मे आवरायला घेतले. दुसरं काय करणार?

मंगळवारी घोरपडे अजून क्लबात जातात, क्लबाच्याच रायफलीवर चार गोळ्या झाडतात. परवा मी वाटी परत द्यायला वर गेले. कुकर चढवला होता, आणि कान उघडे! फोन ओट्यावर, आवाज पूर्ण वाढवलेला.

"इअरमफ कुठे?" मी विचारलं.

"तिचा फोन आला तर ऐकू यायला हवा. नाताळच्या सुटीत येते म्हणाली." ते थांबले. "येते नाही. बघते म्हणाली."

तेवढ्यात शिट्टी झाली. घोरपडे वीतभर उडाले, पण कानांवर हात नेला नाही.