उतराणपर्यंत साफ

झिपरू आप्पा कडाडून वाद घालायचे, पण तोंडातून अक्षर न काढता. सुरतेच्या आमच्या कारखान्यात माग सुरू झाले की शेजारच्याचंही ऐकू यायचं नाही, म्हणून आम्ही सगळेच खुणांनी बोलायचो. चहा, पाणी, मुकादम आला, एवढ्यावर आमचं भागायचं. खुणांनी देशाचं संरक्षण चालवणारे मात्र आप्पा एकटेच.

विषय ठरलेला. पूर्वेकडच्या डोंगरांत बंडखोर पूल उडवत, बसवर गोळ्या झाडत. पेपरात तसलं काही आलं की आप्पा पेटायचे. खांद्याला बंदूक लावायची आणि तळहातावर तळहात झटकायचा. फौज घाला, साफ! समोरच्या मागावरचे गमनभाई तितक्याच चिकाटीने मान हलवायचे आणि बोटांची चोच उघडमीट करायचे. त्यांच्याशी बोला! दोघांचं धोरण ठरेपर्यंत कुणाचा तरी धागा तुटायचा आणि मुकादम दोन्ही पक्षांचा उद्धार करायचा.

चहाच्या सुट्टीत तेच सगळं आवाजासकट.

"तुले सांगस गमनभाई, फौज जोर लावी ना, आखाजीपर्यंत साफ!"

"आप्पा, एकाला मारशो तो त्याचे बे भाई बंदूक उचलशे. गाववाल्यांना पूछो, त्यांना काय जोईए छे?"

"गावले मांगून इचारूत. पहिले साफ!"

आखाजी, म्हणजे आमची खानदेशची अक्षयतृतीया, आली आणि गेली. आप्पांनी मुदत पोळ्यापर्यंत वाढवली, मग दिवाळीपर्यंत. आप्पांची फौज पंचांग बघून लढते, असं आम्ही म्हणायचो.

त्यांचा एकुलता एक मुलगा नाना त्याच डोंगरांत जवान होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. बायको लवकर गेली. आप्पांनीच पोराला वाढवलं. संक्रांतीला, सुरतेच्या भाषेत उतराणला, नाना पतंग उडवायचा आणि एवढा मिशीवाला बाप मागे मांज्याची फिरकी धरून उभा राहायचा. त्यामुळे त्यांचा फौजेचा हट्ट आम्ही बापाचा अभिमान म्हणून सोडून द्यायचो.

दिवाळीच्या तोंडावर नानाची रजा रद्द झाली. त्या दिवशी गमनभाई नेमके रंगात होते. "आप्पा, दर वेळी सणच का? असं सण बघून लढाई संपते, हे तुम्हाला कोण बोललं?"

आप्पांची बशी ओठाशीच थांबली.

"सनले पोऱ्या घर येस ना, भो," ते म्हणाले. "साफ व्हयनं ते येई. तुम्ही बोलत बसनात, ते मी कितला सन वाट देखू?"

 फौज जोर लावणार म्हणजे नानाच पुढे जाणार, हे गमनभाईंच्या जिभेवर आलं असणार. त्यांनी ते चहाबरोबर गिळलं. मला त्या क्षणी त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं.

माग पुन्हा सुरू झाले. आप्पांचे हात खाली होते. एवढ्यात गमनभाईंनी, ज्यांनी कधी माघार घेतली नव्हती, खांद्याला बंदूक लावली. तळहातावर तळहात झटकला. मग दोन्ही हात डोक्यावर नेऊन ते हवेत दोर खेचू लागले. उतराणपर्यंत साफ!

आप्पा बघत राहिले. मग त्यांनी सावकाश दोन्ही हात पुढे केले आणि नसलेली फिरकी घट्ट धरली.